न्हाणीघराची फरशी कोणाच्या पायांनी निवडावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलण्यासाठी मला बोलावले, ह्याबद्दल चिटणीसबाईंची मी आभारी आहे. विषय कोणता घेऊ, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्या कितीतरी सभासदांच्या घरी न्हाणीघर फोडण्याचे काम चालू आहे, नाहीतर निघणार आहे. त्यावरच बोला." ऐकून मला हसू आले. न्हाणीघर हा का व्यासपीठावरून बोलण्याचा विषय! पण मागाहून वाटले, का नसावा? घरातले प्रत्येक माणूस रोज जिथे अनवाणी पायाने, ओल्या अंगाने, बहुधा डोळ्यांत साबण असताना उभे राहते, अशी घरात ही एकच जागा. दिवाणखान्याच्या पडद्यांवर आपण महिनाभर चर्चा करतो आणि न्हाणीघराची फरशी अर्ध्या तासात ठरवून मोकळ्या होतो. हे काही शहाणपणाचे नव्हे.

मी इंजिनिअर नाही. घरचे आणि नात्यातल्या दोन-तीन घरांचे काम उभी राहून करून घेतले, त्या निमित्ताने विचारले, वाचले, पाहिले, तेच सांगणार आहे. त्यातला मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचे विसरलात तरी चालेल. न्हाणीघराची फरशी डोळ्यांनी निवडू नये, पायांनी निवडावी. आणि तीही घरातल्या सर्वांत थकलेल्या पायांनी.

आपल्या आज्यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. देशावर टाकीने घडवलेला काळा दगड, कोकणात जांभा, नाहीतर शहाबादी फरशी. मोरी अंधारी असे, कोपऱ्यात बंब धूर करी, पण त्या दगडावर पाय धरून राहत असे. पुढे सिमेंटच्या लाद्या आल्या. मुंबईची 'भारत टाइल्स' ही कंपनी १९२२ साली स्वदेशीच्या भावनेने निघाली आणि तिच्या रंगीत नक्षीच्या लाद्या पुष्कळ घरांतून दिसू लागल्या. मग मोझॅइक आले. भिंतीला कमरेपर्यंत पांढऱ्याशुभ्र सहा-सहा इंची टाइल्स आल्या. आज गुजरातेतील मोरबी हे गाव ह्या धंद्याचे माहेरघर झाले असून भारतातल्या सिरॅमिक टाइल्सचा फार मोठा वाटा तिथेच तयार होतो. आता दुकानात शिरले की संगमरवरासारखी, लाकडासारखी, हव्या त्या रंगाची टाइल मिळते. उजेड आला, स्वच्छता आली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्या ओबडधोबड दगडाचा एक गुण आपण वाटेत हरवून बसलो. तो म्हणजे पायाला मिळणारी पकड.

हे हरवणे किती महाग पडते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि साठी ओलांडलेल्यांत हे प्रमाण सर्वांत मोठे आहे. पाळी गेल्यावर बायकांची हाडे पुरुषांच्या मानाने लवकर ठिसूळ होतात, हे आपणांस डॉक्टर सांगतातच. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, दुसऱ्यावर अवलंबून राहणे असे सारे ओघाने येते. जी पडत नाही, तिचीही गोष्ट निराळी नसते. घसरण्याच्या धास्तीने आंघोळीला दार न लावणारी, "मी एक दिवसाआड करीन" म्हणणारी, सुनेला हाक मारायला नको म्हणून अंग पुसूनच भागवणारी एखादी आजी तुमच्याही ओळखीत असेल. ज्या फरशीने तिची रोजची आंघोळ हिरावून घेतली, ती कितीही सुंदर दिसली तरी तिला चांगली कशी म्हणावी?

आता दुकानात जाऊ. प्रथम लक्षात ठेवायचे ते हे, की भिंतीची टाइल आणि जमिनीची टाइल ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंतीची बहुधा सच्छिद्र, हलकी आणि वरून चकचकीत झिलईची असते. ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक पाणी पिऊ शकते. जमिनीसाठी जिला व्हिट्रिफाइड म्हणतात, ती इतकी दाट भाजलेली असते की अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी पीत नाही. खोक्यावर भारतीय मानक १५६२२ आणि पाणी शोषण्याचा गट छापलेला असतो, तो वाचावा. वाचता आले नाही तर टाइल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. चटकन जिरले तर ती टाइल भिंतीची समजावी. भिंतीची टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला बसवली, की बादली आपटताच तिला तडा गेलाच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट घसरण्याची. दुकानदाराला विचारले, "ही घसरडी नाही ना?" तर तो म्हणणार, "नाही ताई, अँटिस्किड आहे." हा शब्द कोणत्याही खोक्यावर छापता येतो. त्यामागे काही मोजमाप आहे का, ते विचारावे. मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. एका फळीवर त्या टाइल्स बसवतात, माणसाला त्यावर चालायला लावतात आणि फळी हळूहळू तिरपी करीत नेतात. ज्या कोनाला तो माणूस घसरू लागतो, त्यावरून टाइलचा दर्जा ठरतो. जर्मनीत अशा दोन कसोट्या ठरल्या आणि त्यांचीच अक्षरे आज इकडच्या माहितीपत्रकांतही दिसतात. एक कसोटी बूट घालून, तेल ओतलेल्या फरशीवर. तिचे आकडे आर ९ पासून आर १३ पर्यंत. आर ९ म्हणजे ६ ते १० अंशांपर्यंत टिकणारी, आर १० म्हणजे १९ अंशांपर्यंत, आर ११ म्हणजे २७ अंशांपर्यंत. दुसरी कसोटी अनवाणी पायांनी, साबणाच्या पाण्यावर. तिचे वर्ग ए, बी आणि सी. म्हणजे निदान १२, १८ आणि २४ अंश. आपल्या न्हाणीघराला खरी लागू पडते ती ही अनवाणी कसोटी. न्हाणीच्या जमिनीला बी वर्ग मागावा. तो माहितीपत्रकात नसेल तर निदान आर १०, आणि घरात वृद्ध माणूस असेल तर आर ११ घ्यावी. आर ९ ही कोरड्या खोलीची टाइल, न्हाणीची नव्हे.

परदेशी पद्धतीच्या न्हाणीघरात काचेच्या आड पाणी पडते आणि बाकीची जमीन कोरडी राहते. आपल्याकडे बादली आणि तांब्या. पाटावर नाहीतर स्टुलावर बसून आपण अंगावर पाणी घेतो ते चारी दिशांना जाते. त्यातून नरकचतुर्दशीचे अभ्यंग असले, की तेल, उटणे आणि साबण हे तिन्ही एकदम फरशीवर उतरतात. म्हणून "आमची वापरण्याची पद्धत वेगळी आहे, सगळी जमीन ओली होते" हे दुकानात निक्षून सांगावे.

आणि कागदावरच्या आकड्यावरही थांबू नये. दोन-तीन नमुने खाली जमिनीवर मांडायला लावावेत. त्यांवर पाणी टाकावे, पिशवीतून नेलेल्या साबणाचा हात फिरवावा, चप्पल काढावी आणि दुसऱ्या कोणाचा हात धरून पाय घासून पाहावा. दुकानदार चकित होईल, होऊ द्या. साडी घेताना आपण पदर खांद्यावर टाकून पाहतो, मडके घेताना वाजवून पाहतो, तर वीस वर्षांसाठी घ्यायची फरशी पाय न लावता का घ्यावी?

ह्यावर एखादी म्हणेल, मग सर्वांत खडबडीत तीच घेऊ. तेही नको. फार खरखरीत टाइलच्या खाचांत साबणाचा मळ बसतो आणि तो मळच पुढे बुळबुळीत होतो. शिवाय घासायचे कोणी? आपण घासत असू तर आपले मनगट आणि कामाला येणाऱ्या बाई घासत असतील तर त्यांचे. त्या बाईंनाही नमुना दाखवून विचारावे. एका घरात नव्हे, चार घरांत फरशी घासणाऱ्या हातांना जे कळते, ते माहितीपत्रकात छापलेले नसते. मधली वाट म्हणजे बारीक कणीची, मॅट, बोट फिरवले तर किंचित रखरखीत लागणारी, पण फडके न अडकवणारी टाइल.

आता आकार. सध्या मोठ्या टाइल्सची आवड आहे; दोन फूट बाय चार फूट सुद्धा लोक न्हाणीत घालतात. भिंतीला खुशाल घाला, सांधे कमी होतील. जमिनीला मात्र एक फुटाची, किंवा त्याहूनही लहान बरी. ह्याला दोन कारणे आहेत. एक, सांधे जास्त असले की तळव्याला तेवढी अधिक पकड मिळते. दुसरे, पाणी नाहणी ट्रॅपकडे वाहून जायला जमिनीला उतार हवा. साधारण ऐंशीला एक धरला तर आठ फूट लांबीच्या न्हाणीत सव्वा इंच. हा उतार दोन दिशांनी द्यावा लागतो. लहान टाइल तो सहज घेते. मोठी घेत नाही, मग ती तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पाणी तुंबते. काम ताब्यात घेण्यापूर्वी एक बादली पाणी ओतून पाहावे. दहा मिनिटांनी कुठे डबके उरले तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून मागावे.

रंगाविषयी थोडे. दाट रंगाची चकचकीत टाइल दुकानातल्या दिव्याखाली फार छान दिसते. पण ज्यांच्याकडे बोअरिंगचे जड पाणी येते, त्यांच्या घरी आठ दिवसांत त्यावर पांढरे डाग उमटतात. तिथे मध्यम, मातकट किंवा करडा रंग सोयीचा. दुसरे, भिंत, जमीन आणि कमोड हे तिन्ही पांढरेशुभ्र असले, तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. जमिनीचा रंग भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळा असावा आणि उंबऱ्याची पट्टी आणखी वेगळी, म्हणजे ठेच लागत नाही. 'हायलायटर' म्हणून फुलांची, माशांची चित्रे असलेली टाइल गळ्यात मारतात. हौस असेल तर एखादी ओळ भिंतीला लावा. पण त्याच पैशांत भिंतीला धरायचा एक भक्कम दांडा येतो, हेही ध्यानात असू द्या. हा दांडा कुठे बसणार ते टाइल लावण्यापूर्वी ठरवावे, म्हणजे मागे भरीव भिंत मिळते.

भगिनींनो, इथवर वर दिसणाऱ्या गोष्टी झाल्या. पण 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण न्हाणीघरालाच शोभावी. पुष्कळांचा समज असा, की टाइल बसली म्हणजे गळती थांबली. टाइल पाणी अडवीत नाही. सांध्यांतून पाणी खाली जातच असते. अडवतो तो खालचा थर. मोहेंजोदडोचे महास्नानगृह बांधणाऱ्यांना साडेचार हजार वर्षांपूर्वी हे ठाऊक होते. त्यांनी विटा जिप्समच्या गाऱ्यात बसवल्या आणि त्यांच्या मागे डांबराचा थर दिला. आपणही जुनी फरशी काढल्यावर वॉटरप्रूफिंग नीट करून घ्यावे, ते भिंतीवर निदान फूटभर आणि आंघोळीच्या बाजूला आणखी वर चढवावे. मग ट्रॅपचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून ठेवावे. एक दिवस तर नक्कीच, दोन दिवस झाले तर उत्तम. ह्या अवधीत खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे जाऊन छत पाहून यावे. छत कोरडे राहिले तरच पुढे टाइल लावू द्यावी. कंत्राटदार घाई करील. आपण करू नये. नंतर गळती निघाली तर नवी टाइल पुन्हा फोडावी लागते, आणि शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षांचा घरोबा दोन महिन्यांत तुटतो.

"जुनी फरशी फोडूच नका, वरूनच दुसरी चिकटवून देतो," असेही सांगणारे भेटतात. जुनी टाइल घट्ट असेल, खाली गळती नसेल आणि जमिनीची उंची वाढून चालत असेल, तरच हे करावे. गळती असेल तर ते दुखण्यावर पांघरूण घालण्यासारखे आहे. आणखी एक. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही. तिला अ‍ॅडहेसिव्ह लागते. बसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाण्याने नाहीतर लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल वाजवून पाहावी. पोकळ वाजेल ती काढून पुन्हा बसवायला सांगावी. सांधे भरण्यासाठी न्हाणीच्या जमिनीला इपॉक्सी ग्राउट घ्यावे. ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग, पण पाणी शोषत नाही आणि काळे पडत नाही. मात्र लावताक्षणी पुसून काढणारा कारागीर हवा, नाहीतर टाइलवर त्याचा चिकट पडदा राहतो.

आता हिशोब. पाच फूट बाय आठ फूट न्हाणी धरा. जमीन ४० चौरस फूट. एक फुटाच्या ४० टाइल्स, कापण्यात व फुटण्यात दहा टक्के धरून ४४. चारी भिंतींची लांबी २६ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १८२. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले की १६४॥ चौरस फूट. बारा इंच बाय अठरा इंचाची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणून ११०, आणि दहा टक्के धरून १२१. एवढे गणित घरीच करून न्यावे, म्हणजे दुकानात कोणी सांगेल तेवढी खोकी उचलावी लागत नाहीत. सर्व खोक्यांवरचा बॅच आणि छटा यांचा क्रमांक एकच आहे ना, हे गाडीत चढवण्यापूर्वी पाहावे. वेगळ्या बॅचची छटा किंचित निराळी असते आणि ती भिंतीवर चढल्यावरच कळते. उरलेल्या पाच-सहा टाइल्स टाकून देऊ नयेत, माळ्यावर ठेवाव्यात. पाच वर्षांनी नळ दुरुस्त करताना एक फुटली, तर तोच नमुना बाजारात मिळत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर भिंतीच्या टाइलमध्ये वाचवा. साधी, एकरंगी घ्या. तीही छतापर्यंत नको, सात फुटांपर्यंत पुरे. वॉटरप्रूफिंग, जमिनीची टाइल, सांधे आणि चांगला कारागीर ह्या चार ठिकाणी हात आखडू नका. आणि ज्यांना टाइल नकोच, त्यांना पॉलिश न केलेली शहाबादी किंवा कोटा फरशी आजही मिळते, ती पायाला छान धरते. मात्र हे चुनखडीचे दगड आहेत; आम्लाचा थेंब पडला की फसफसतात आणि खरवडले जातात. संडास धुण्याचे आम्ल त्यांवर, आणि सिमेंटच्या सांध्यांवरही, कधीच ओतू नये. आम्ल आणि ब्लीच हे दोन एकत्र तर मुळीच करू नयेत. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो, आणि न्हाणीघरासारख्या लहान जागेत तो जीवघेणा ठरू शकतो. साधा साबण, ब्रश आणि काम झाल्यावर उघडी ठेवलेली खिडकी एवढ्यावर उत्तम फरशी वर्षानुवर्षे टिकते.

शेवटी एक विनंती. घरातले पुरुष कंत्राटदाराशी भाव ठरवतात, मुले मोबाइलवर चित्रे पाहून रंग ठरवतात, आणि ज्या बाईला ती फरशी रोज धुवायची असते, जिला त्यावर म्हाताऱ्या सासूला किंवा आईला आंघोळ घालायची असते, ती स्वयंपाकघरातून "तुम्हांला आवडेल ते घ्या" म्हणून मोकळी होते. असे म्हणू नका. त्या दिवशी आमटी-भात करा, पण दुकानात जा. जमलेच तर सासूबाईंना, आईला बरोबर न्या, त्यांना खुर्ची मागा, नमुना त्यांच्या पायाखाली ठेवा आणि हात धरून विचारा, "इथे उभे राहायला भीती वाटते का?" त्या "नाही" म्हणाल्या, तीच आपली फरशी. आज तो पाय त्यांचा आहे. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच फरशीवर, तसाच जपून, आपला पडणार आहे.